घरघर लागल्यावर

१३ जानेवारी, मंगळवार

परवाच्या पानावर एक चूक आहे. "आप्पांना कॉटवरून खाली घ्यायला मी सांगितलं" असं मी लिहिलंय. मी सांगितलं नाही. आक्काने सांगितलं.

ते वाक्य खोडत नाही. तसंच राहू दे, खरं काय ते इथे लिहिते. आमच्या घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली, आणि अजून तरी एकटीच. मी चुकीचं लिहिलं तर ते चुकीचंच राहणार. वाचून "असं नव्हतं गं" म्हणणारं कोणी नाही.

रविवारी सकाळी आप्पा टँकरची पहिली खेप टाकून घरी आले. चहा नको म्हणाले. खांदा भरून आलाय म्हणाले, स्टिअरिंगमुळे असेल. कॉटवर आडवे झाले. मी न्हाणीघरात केस धूत होते. आईने हाक मारली, पण त्यात माझं नाव नव्हतं, नुसता आवाज होता. तशीच ओल्या केसांनी बाहेर आले. आप्पांचे डोळे अर्धे उघडे. घशातून घोरल्यासारखा आवाज, मग काहीच नाही, मग पुन्हा तसाच एक. आई त्यांना हलवत होती. आक्का स्वयंपाकघरातून आली. आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण, त्यांना लहानाचं मोठं तिनेच केलं. तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "घरघर लागली. खाली घ्या त्याला."

आमच्यात माणसाला कॉटवर जाऊ देत नाहीत. भुईवर घेतात, तोंडात पाणी घालतात. आम्ही तिघींनी चादरीसकट ओढून त्यांना फरशीवर घेतलं. मीही ओढलं, आणि कशासाठी ओढतोय ते मला माहीत होतं. मग आक्काने पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. "ल्योक म्हन, लेक म्हन, तूच हाइस. घाल."

पेला हातात होता. आप्पांचं तोंड पुन्हा उघडलं, पुन्हा तो आवाज. आणि तेव्हा आठवलं. ऑफिसात आगीच्या वेळचे स्वयंसेवक निवडले तेव्हा माझं नाव घातलं होतं, कारण बाकी कोणी तयार नव्हतं. त्यातच अर्ध्या दिवसाचं सीपीआरचं ट्रेनिंग झालं होतं. ट्रेनर बाई म्हणाल्या होत्या, "घोरल्यासारखा आवाज येईल. मासा तोंड उघडतो तसं तोंड उघडेल. घरचे म्हणतील, श्वास चालू आहे. तो श्वास नाही. दाबायला लागा."

पेला कॉटखाली सरकवला आणि गुडघे टेकले.

म्हणजे खाली घेतलं ते आक्काने, आणि मरणासाठी घेतलं. कडक जागेवरच दाबायचं, गादीवर नाही, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पण त्या क्षणी मला ते आठवलं असतं का? माहीत नाही. आता सगळी बिल्डिंग म्हणते, "शुभांगीने बरोबर खाली घेतलं." रविवारीच असं म्हणणाऱ्या दोघांसमोर मी मान हलवली. तिथूनच ती चूक पानावर आली असणार.

१४ जानेवारी, बुधवार. हॉस्पि.

संक्रांत. आप्पा आयसीयूत. घशातली नळी काल काढली. शिरेत स्टेंट घातलाय. डोळे उघडतात, पण बघतात असं वाटत नाही.

समोरच्या घरातल्या कानडी रत्नम्मा एळ्ळु-बेल्लाची, त्यांच्याकडच्या तीळगुळाची, पुडी घेऊन आल्या. मी तीळगूळ खावा म्हणून त्या बसून राहिल्या. शेजारच्या अनोळखी बाईला माझ्याकडे बोट करून सांगत होत्या, "इवळे माडिद्दु." हिनेच केलं.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, घरी छाती कोणी दाबली? वर्गात करतात तसा मी हात वर केला. "दोन बरगड्या तुटल्यात. होतं तसं, भरून येतील," म्हणाले. आणि हसले.

रविवारच्या पानावर हेही नाही. ते तुटणं मला हाताखाली कळलं होतं. मला वाटलं, चादरीखाली काहीतरी राहिलंय. नाही, हेही खरं नाही. काय आहे ते मला कळलं होतं. आणि मी दाबत राहिले.

१५, गुरुवार

अजून जे राहिलंय ते लिहिते. नाहीतर लोकांच्या बोलण्यातून दुसराच एक रविवार तयार होईल आणि मलाही तोच खरा वाटायला लागेल.

१०८ला फोन मी लावला नाही. मी ओरडले, लावला रत्नम्मांनी. त्यांचे यजमान ऑटो घेऊन आले आणि "एत्तरी, एत्तरी, उचला" म्हणत आप्पांचे पाय धरले. मी त्यांच्या हातावर फटका मारला. आप्पांपेक्षा वयाने मोठे आहेत ते. माफी मागायची राहिली आहे.

अँब्यु. के. आर. पुरमच्या पुलाखाली अडकली होती. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. प्रत्येकाला मी वेगळं सांगत होते, म्हणून आता सांगतच नाही. हात खांद्यापासून खाली लाकूड झाले होते, एवढं नक्की. ट्रेनिंगमध्ये आम्ही दोघी-दोघी होतो. एक दमली की "बदल" म्हणायचं, दुसरी पुढे यायची. मी "बदल" म्हणाले. मोठ्याने म्हणाले. खोलीत आई, आक्का, रत्नम्मा, त्यांचे यजमान, दारात वरच्या मजल्यावरची माणसं. कोणी हललं नाही. मी काय मागतेय ते कोणाला कळलंच नाही.

शेवटी शेवटी मी खोल दाबतच नव्हते. नुसते हात हलत होते. तेवढ्यात अँब्यु.चा माणूस आला. त्याने मला बाजूला केलं, पॅड चिकटवले, "सगळे दूर" ओरडला, आणि शॉकने आप्पांचं अंग फरशीवरून उडालं. आई किंचाळली. तिला वाटलं की मी

पुढे उद्या.

१७, शनिवार

पुढचं लिहवत नाही. आईला काय वाटलं ते तिने नंतर सांगितलं, ते इथे नको.

आक्का माझ्याशी बोलत नाही. डबा पाठवते, माझ्या आवडीची भाजी त्यात असते, पण बोलत नाही. आज जिन्यावर ती आणि आई. मी वरच्या वळणावर उभी होते, त्यांना दिसत नव्हते.

"भावाच्या तोंडचं पानी काढून घेतलं तिनं."

"जगले की ओ, आक्का."

"जगला. आनि न्हाई जगला असता तर? कोरड्या घशानं गेला असता. शिकलीया म्हनून काय बी करायचं?"

आक्काचं एवढं खरंच आहे. आप्पा उठतील हे मला माहीत नव्हतं. ट्रेनर बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, घरी पडलेली बहुतेक माणसं उठत नाहीत, तरीही दाबायचं. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं, दाबलं की माणूस उठतो. ते न सांगणं हे खोटं बोलण्यात येतं का?

२०, मंगळवार

आप्पा साध्या वॉर्डात.

"छातीवरनं कोणी टँकर घातला काय माझ्या?"

"तुमच्याच लेकीनं घातलाय," आई म्हणाली.

आप्पा हसले आणि लगेच कळवळले. "हसवू नगासा गं." मग माझे दोन्ही हात घेऊन उलटेपालटे करून बघत राहिले. बाजारात वांगी बघतात तसे. "एवढुश्यानं?"

मी हात काढून घेतले. त्यांच्या तळव्यांना जुने घट्टे आहेत, माझ्या तळव्यांवर काहीच खूण नाही. काहीतरी राहायला हवी होती.

त्यांना रविवार आठवत नाही. आदल्या दिवशीची खेप आठवते. टँकर कुठे लावलाय, किल्ली कोणाकडे, हे चार वेळा विचारलं. गाडी आता चालवायची नाही, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. ते काम बहुतेक माझ्याकडेच येईल.

२४, शनिवार

घरी आणलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "हृदय अजून अशक्त आहे. पुन्हा तसं होऊ शकतं. हे काही आठवडे जपा, मार्चमध्ये तपासू, मग छातीत मशीन बसवायचं का ते ठरवू. तोवर घरात सीपीआर येणारं कोणीतरी असू द्या."

मी म्हणाले, "मी आहे ना."

काय बोलले ते ऑटोत बसल्यावर कळलं. मी सकाळी सातला निघते, मारतहळ्ळीच्या ऑफिसातून परत येईपर्यंत अंधार पडलेला असतो. दिवसभर घरात आई आणि आक्का. म्हणजे दिवसभर एक चादर ओढणारी आणि एक पाणी घालणारी. (असं लिहू नये. पण मनात आलं तसं लिहिलंय.)

घरी पोचतो तर आक्काने कॉट बाहेर पॅसेजमध्ये काढून ठेवलेली. "एकदा खाली घेतलेल्याला त्याच कॉटवर परत चढवायचं न्हाई." गादी जमिनीवर. आप्पांना उठता-बसता बरगड्या दुखतात. मी भांडायला हवं होतं. भांडले नाही, कारण मनात पहिला विचार आला तो, बरं झालं, फरशी जवळ आहे.

२६, सोमवार

सुट्टी. दुपारी आप्पा झोपले होते. मी शेंगा मोडत होते. आतून तो आवाज आला.

मी त्यांच्या छातीवर हात ठेवून गुडघ्यांवर होते तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"काय गं?"

"काही नाही."

"घोरू बी देईना ही पोरगी."

आई तोंडाला पदर लावून हसली. आप्पा पुन्हा झोपले. शेंगा सगळीकडे.

२८, बुधवार

आमच्या सरांचा मेसेज: फॅमिली फर्स्ट, पण कधी येणार ते कळव. मी लिहिलं, लवकरच. लवकरच म्हणजे काय ते मलाच माहीत नाही. आप्पांचं काम थांबलंय, माझंही थांबलं तर घर कशावर चालायचं?

आईला शिकवायला बसले. तांदळाचं पोतं फरशीवर आडवं केलं. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपर ताठ, अंगाचा भार टाक, जोरात आणि भरभर, आणि प्रत्येक वेळी छाती पुरती वर येऊ दे. आईने हात ठेवले. दोनदा दाबलं. मग हात काढून पदराला पुसले.

"माझ्यानं न्हाई व्हायचं."

"जमतंय की तुला."

"तांदळावर जमंल. त्यांच्यावर न्हाई."

"का पण?"

"तू बरगडी मोडलीस, लेक म्हनून खपलं. माझ्या हाताखाली ते गेले तर? बायकोनं दाबून मारला म्हनतील. पानी पिऊन गेले तर म्हनतील, चांगला गेला."

आवाज न चढवता म्हणाली. भाजीत मीठ किती ते सांगावं तशी.

मी म्हणाले, "अगं, त्या वेळी ते गेलेलेच असणार. तुझ्या हातून त्याहून वाईट काही होऊच शकत नाही."

"तिन्हीसांजा असलं बोलू नगस."

मग मी जे बोलले ते लिहायला हवं. मी म्हणाले, "मग बस बघत, मागच्या वेळेसारखी."

आईने पोतं उचललं आणि जागच्या जागी नेऊन ठेवलं. एकटीने. मी मदतीला उठलेही नाही.

३१, शनिवार

आज आक्का बोलली.

गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या परतायला मी गेले. ती आधीच तिथे बसलेली. मी दुसऱ्या टोकाला बसले. बऱ्याच वेळाने, मिरच्यांकडेच बघत:

"ती घरघर. म्हादाला, तुझ्या आप्पाला, लागली ती. तुझी ती शिकवणारी बाई काय म्हनली? तवा मानूस गेल्याला नसतो?"

मी जपून सांगितलं. हृदय बंद पडलेलं असतं. तो आवाज म्हणजे श्वास नसतो. पण तेव्हाच्या तेव्हा दाबायला लागलं तर काही जणांचं परत चालू होतं. सगळ्यांचं नाही. हेही सांगितलं, शेवटी एकदाचं.

"मी वळखलं हुतं का न्हाई? घरघर हाय म्हनून?"

"बरोबर ओळखलंस. सगळ्यांच्या आधी तूच ओळखलंस."

थोडा वेळ तिने मिरच्या परतल्या. मग म्हणाली, "तुझ्या मामाला बी तशीच लागली हुती."

तिचे यजमान. मी जन्मायच्या आधीचे, मी फक्त फोटो बघितलाय.

"उसाला पानी सोडून आला. कट्ट्यावर बसला आनि पडला. ह्योच आवाज. मी खाली घेतलं. मी पानी घातलं. बाहेर आलं, मी परत घातलं. समदी म्हनली, काय मरान आलं, बायकोच्या हातचं पानी पिऊन गेला." ती थांबली. "म्या त्येच्यावरच जगलीया गं एवढी वर्सं."

मी माझ्या टोकाच्या मिरच्या परतल्या.

"दाबलं असतं तर?"

"सांगता येत नाही, आक्का. तेव्हा गावात कोणालाच येत नव्हतं. अँब्युलन्स नव्हती. ते पॅडचं मशीन नव्हतं. नुसत्या दाबण्याने..."

"झालं असतं का, ते सांग."

"माहीत नाही."

"बरं," म्हणाली. मिरच्या गोळा केल्या, अर्धवट ओल्याच, आणि खाली गेली.

मी बोलले ते सगळं खरं होतं. पण खरं म्हणून बोलले की तिने पुढे विचारू नये म्हणून बोलले? दोन्ही. अर्धं-अर्धं करता येत नाही.

मला वाटत होतं, आक्काचा माझ्यावर विश्वास नाही. तिचा विश्वास पहिल्याच दिवशी बसला होता. म्हणूनच ती बोलत नव्हती.

१ फेब्रुवारी, रविवार

कालपासून डोक्यात एकच विचार. आईला शिकवलं तर ते त्याच घरात, आक्काच्या देखत होणार. पोत्यावरचा प्रत्येक दाब तिला काय सांगणार ते मला आता माहीत आहे. नाही शिकवलं तर आप्पा.

ट्रेनर बाईंना फोन केला. कार्डावर नंबर होता, त्या मला ओळखतील असं वाटलं नव्हतं. सगळं सांगितलं. आक्काचंही. मला वाटलं, त्या काहीतरी समजुतीचं बोलतील. त्या म्हणाल्या, "घरच्यांना तू शिकवू नकोस. आईला मुलीचं पटत नाही, माझ्याही आईला पटलं नाही. दहा-बारा माणसं जमव, मी बाहुल्या घेऊन येते."

आक्काबद्दल काहीच बोलल्या नाहीत. फोन ठेवताना एवढंच, "त्यांना खुर्ची द्या. हवं तर बघतील."

रत्नम्मांना विचारलं. "सरी, चालेल, पार्किंगमध्ये स्वल्प जागा करू, दोन गाड्या बाहेर काढू." माणसं जमवायचं त्यांनी अंगावर घेतलं.

३, मंगळवार

आप्पांना गाडीचं सांगितलं. मीच. त्यांनी टँकरची किल्ली मागितली, मी दिली, त्यांनी ती उशीखाली ठेवली.

आईशी अजून नीट बोलले नाही. माफ कर म्हणाले. ती म्हणाली, "पीठ संपत आलंय."

८, रविवार

पार्किंगमध्ये ट्रेनिंग झालं. बारा जमतील वाटलं होतं, वीसच्या वर आले. काही नुसते बघायला.

आधी रत्नम्मांच्या यजमानांची माफी मागितली. "बिडम्मा, सोड गं," म्हणाले, आणि हात पुढे करून, "आता दुसऱ्यावर मारून घे." सगळे हसले. मग त्यांनी बाहुलीवर इतकं नीट दाबलं की बाईंनी बाकीच्यांना बघायला बोलावलं. माणूस तोच. त्या रविवारी पाय उचलत होता, कारण कोणी दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

बाई कानडीत सांगत होत्या. आवाजाचं सांगितलं. बाहुलीसारखं तोंड उघडून तो आवाज काढून दाखवला. मी जमिनीकडे बघत होते. आक्का खुर्चीवर. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

आईची पाळी आली. ती उठेल असं मला वाटलं नव्हतं. उठली. पदर खोचला, गुडघे टेकले. हलकं दाबत होती. "इन्नू जोरु," बाई म्हणाल्या, अजून जोरात. आईने डोळे मिटले आणि भार टाकला, आणि हातातली काचेची बांगडी वाढली. दोन तुकडे बाहुलीच्या छातीवर पडले.

सगळ्या बायका गप्प झाल्या. बाईंना कळलं नाही काय झालं. नवऱ्याच्या नावाने दाबताना बांगडी. आईचा चेहरा पांढरा. हात मागे घेतलेले. मला कळलं, संपलं. आता ही आयुष्यात पुन्हा हात लावणार नाही, आणि मीच तिला इथे आणलं.

"वाढली तर वाढली." आक्का. खुर्चीवरून. "दुसरी भरता येती. दाब."

आई बघत राहिली.

"दाब म्हनते न्हवं! माझ्या हातात बांगडी न्हाई म्हनून मी सांगते तुला. दाब!"

आईने दाबलं. बाहुलीतून खट्ट असा आवाज येतो, खोली बरोबर असली की. तो यायला लागला. ती रडत होती आणि दाबत होती. थांब म्हटल्यावरही थांबेना, बाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा थांबली. मग तिने वर बघितलं आणि "बदल" म्हणाली. मी पुढे गेले.

नंतर बाई आक्काकडे गेल्या. आक्काचे गुडघे टेकत नाहीत. तिने बाईंना कानडीत विचारलं, "आणि नाहीच उठला तर? मग पाणी कधी घालायचं?"

सगळे ऐकत होते. बाईंना उत्तर माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. विचार करून म्हणाल्या, "आम्हाला हे कोणी विचारत नाही, अम्मा. अँब्युलन्सची माणसं येऊन, आता काही उरलं नाही, असं सांगतील. त्यानंतर घाला. तोवर घशात गेलेलं पाणी त्यांना मारेल."

"मारंल," आक्का मराठीत म्हणाली. विचारत नव्हती.

मग ती उठली आणि वर गेली. होय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. जेवली. आप्पांना औषध दिलं. रात्रीचं मला काही माहीत नाही.

९, सोमवार

माझ्या मनगटात काल बाहुलीवर दाबल्यामुळे ठणका आहे. आईच्याही. दोघींनी एकच मलम लावलं. मग एकमेकींना पाठ टेकून बसलो.

११, बुधवार

आईने काल नवी बांगडी भरून घेतली. हिरवीच.

आज मी तिला विचारलं, "वेळ आली तर होईल ना तुझ्याने?"

"इचारू नगस."

"आई, मला माहीत असायला हवं."

"इचारलंस की भ्या वाटतंय. न इचारता हुईल कदाचित."

ट्रेनिंगने हात शिकतात. ते हात हलतील का, हे कोणतं ट्रेनिंग सांगणार? माझ्या हातांबद्दलही मला आधी माहीत नव्हतं.

आक्काने आज आप्पांना दुपारी कुशीवर वळवलं, घोरायला लागले म्हणून. वळवायच्या आधी वाकून चेहऱ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. छातीकडे बघत होती, वर-खाली होतेय का. मी दारातून बघत होते. तिने मला बघितलं नाही असं मला वाटतं. ती पुन्हा पाणी आणेल का, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

आप्पा म्हणाले, "पहारा किती दीस? जा की कामाला. मी काय पळून जातोय?"

मार्चपर्यंत थांबावं, तपासणी होऊ दे, असं मन म्हणतं. मार्च आला की मन पुढचा महिना सांगेल, हेही कळतं. मी घरी आहे तोवर आई "शुभा आहे" म्हणते आणि माझ्या हातांकडे बघते. मी आंघोळीला जाते तेव्हाही दार लोटत नाही. असं किती दिवस?

सरांना मेसेज केला. या वेळी लवकरच लिहिलं नाही. रविवारी शिवरात्र, त्या दिवशी सगळे घरी आहोत. रत्नम्मांना सांगून ठेवलंय, त्यांचे यजमान दिवसभर बिल्डिंगमध्येच असतात. १०८ आईच्या फोनवर एक दाबला की लागेल असं करून दिलंय, तिने तीनदा करून दाखवलं.

सोमवारी, १६ फेब्रुवारीला, सकाळी सातला मी ऑफिसला निघणार.